पंपाची हुरहूर

…तर तो पंप शिंप्याच्या टेबलाखाली गेला, त्यावर कोटाचं जुनं अस्तर टाकलं गेलं आणि रुखरुखे हात झटकत रस्ता ओलांडून घरी आले. इथपर्यंत आपण काल आलो होतो. पण काल मधूनच उठून गेलेले आणि आज नव्याने येऊन बसलेले, अशांसाठी थोडं मागे जायला हवं. नाहीतर चांगला साठीचा माणूस लोखंडी पंप शिंप्याकडे का पोचवतो, पंपाला काय विजार शिवायची होती का, असं कुणालाही वाटेल.

रुखरुखे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं. धंदा म्हणाल तर जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनाचे सुटे भाग पारखायचे, त्यांची किंमत ठरवायची आणि योग्य गिऱ्हाईक बघून ते विकून द्यायचे. तुम्ही म्हणाल, भंगारवालाही तेच करतो. नाही. भंगारवाला वजन करतो. रुखरुख्यांकडे यायची ती साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाड्यांची हाडं. गाडी बिनछपराची, दोनच माणसं बसतील आणि त्यातल्या दुसऱ्याला आपले पाय कुठे ठेवायचे ते शेवटपर्यंत कळणार नाही अशी. कारखान्याने तशा अकरा केलेल्या असायच्या. त्यातल्या सहा झाडांवर आदळलेल्या, दोन हरवलेल्या. गाडी कशी हरवते ते विचारू नका, हरवते. उरलेल्या तिघींचे मालक जन्मभर एकाच काळजीत, की आपल्या कार्ब्युरेटरचं झाकण तुटलं तर दुसरं आणायचं कुठून. अशा लोकांना रुखरुखे म्हणजे अंगणात उभा राहिलेला देव.

घराची पुढची खोली कामाची. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर हिरवं जाड कापड. भिंतीवर एका खिळ्याला भिंग, दुसऱ्याला चुंबक, तिसऱ्याला चष्मा. चौथा खिळा कायम रिकामा, कारण तिथे टांगायचा कॅलिपर, म्हणजे जाडी मापायचं हत्यार, कायम रुखरुख्यांच्या खिशात. एकदा सासरे दवाखान्यात असताना ते भेटायला गेले, पलंगाच्या दांड्या मापल्या आणि हा पलंग दोन वेगळ्या कारखान्यांतला जोडून केलाय असं नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, आधी पेशंटला बघा.

बायकोची अट एकच होती, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत लोखंड नको. ती त्यांनी पाळली, पण न्हाणीघराबद्दल काही ठरलेलं नव्हतं. एका वर्षी आठ सिलिंडरच्या इंजिनाचा ठोकळा टेबलावर मावेना म्हणून त्यांनी तो न्हाणीघरात ठेवला. नऊ दिवस दोघं नवराबायको ठोकळ्याला वळसा घालून अंघोळ करत होती. दहाव्या दिवशी बायको त्यावर साबण ठेवायला लागली. आता जुन्या भागावरचा मळ हा त्याचा जन्माचा दाखला, तो धुतला की निम्मी किंमत गेली. रुखरुख्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि तो ठोकळा त्यांनी त्याच दुपारी विकून टाकला. मूळ मालकाला सहा महिने गिऱ्हाईक मिळत नव्हतं, ते माझ्या साबणाने मिळालं, असं बायको पुढे कित्येक वर्षं सांगायची.

आता पारख. आधी ते सगळं जगासारखंच करायचे. धातूवर ओतलेले आकडे भिंगाने वाचायचे, कॅलिपरने केसाएवढा फरक शोधायचा, आतल्या तेलाचा वास घ्यायचा. शाफ्ट असेल तर दोरीला टांगून लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचा. अखंड असेल तर घंटेसारखा घुमतो, आतून तडा असेल तर बद्द वाजतो. हे कुणीही शिकलेला माणूस करील. पण यातून वस्तू कोणती ते कळतं. केवढ्याची ते कळत नाही. जगात दोनच उरलेल्या वस्तूचा बाजारभाव विचारायचा कुणाला? दुसरी ज्याच्याकडे आहे तो काय आपल्या वस्तूला नावं ठेवणार आहे?

म्हणून रुखरुख्यांनी स्वतःची एक रीत काढली होती. वस्तू सात दिवस टेबलावर ठेवायची, येता-जाता बघायची, हात लावायचा. आठव्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती घराबाहेर काढायची आणि संध्याकाळी सहापर्यंत आपल्याला तिच्यावाचून किती चुकल्याचुकल्यासारखं होतं ते तासातासाला वहीत लिहायचं. त्यावरून किंमत.

हसायला काय जातंय, पण तीस वर्षांत ही किंमत एकदाही खोटी ठरली नव्हती. वहीत पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिली चुटपुट, म्हणजे दुपारी एकदा वाटतं की अरे, इथे काहीतरी होतं. दुसरी रुखरुख. कामात लक्ष लागतं, पण दर अर्ध्या तासाने नजर टेबलाकडे जाते. बराचसा चांगला माल याच पायरीवर यायचा, त्यावरून तर नाव पडलं. तिसरी हुरहूर, म्हणजे उठून खिडकीत जाऊन उभं राहावंसं वाटतं. चौथ्या पायरीला नाव नव्हतं, तिथे नुसतं ‘अन्न गोड लागलं नाही’ असं लिहायचे, आणि ते तीस वर्षांत एकदाच लिहिलं होतं. एका शर्यतीच्या इंजिनाचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो शिंप्याकडे गेला त्या दुपारी त्यांनी भरलं ताट बाजूला सारलं. त्या मॅग्नेटोला पुढे जी किंमत आली ती ऐकून विकणाऱ्याला खुर्ची द्यावी लागली. आणि नकली माल घराबाहेर गेला की रुखरुख्यांना त्याची आठवणच व्हायची नाही. असे सतरा नकली भाग त्यांनी नुसते विसरून पकडले होते.

शिंपी रस्त्यापलीकडचा. वस्तू त्याच्या टेबलाखाली नऊ ते सहा ठेवायची आणि सहाच्या आत रुखरुख्यांना दाखवायची नाही, एवढंच त्याचं काम. ते त्याने इमानाने केलं. मॅग्नेटोच्या दिवशी रुखरुखे दुपारी तीन वाजता शर्टाचं बटण तुटलं म्हणून आले, तर त्याने दारातच बटण शिवून त्यांना परत पाठवलं. बटण मुळात तुटलेलं नव्हतंच, त्याने चांगल्या बटणाशेजारी दुसरं शिवलं. लोखंडावर आपटून शिंप्याच्या पायाचा अंगठा मात्र बाराही महिने काळानिळा.

शहरात अशा गाड्यांच्या मालकांचं एक मंडळ होतं. मंडळाच्या वार्षिक विक्रीत रुखरुख्यांनी किंमत लिहून दिलेल्या चिठ्ठीशिवाय साधा नटसुद्धा मांडला जात नसे. आणखी एक नियम होता, गिऱ्हाइकाचे पैसे मंडळाच्या कपाटात राहायचे आणि तो भाग गाडीत बसून इंजिन एकदा सुरू झालं की मगच विकणाऱ्याला मिळायचे.

आता आला तो पंप. मिशा कोरलेला एक दलाल तो मखमलीत गुंडाळून घेऊन आला. इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबायचा पंप, ज्याला जाणते लोक सुपरचार्जर म्हणतात. अकरा गाड्यांपैकी दोघींनाच तो बसवलेला होता. आकडे बरोबर, माप बरोबर, तेलाचा वासही जुना. सात दिवस पंप टेबलावर राहिला. सात दिवसांत रुखरुख्यांनी त्याला येता-जाता एकदाही थोपटलं नाही. हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्या आठवड्यात त्यांची दाढ दुखत होती.

आठव्या दिवशी सकाळी नऊला पंप शिंप्याकडे गेला. त्याच सकाळी बायको दारात पिशवी घेऊन उभी राहिली. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती चार दिवस तिकडे राहणार होती. जेवण झाकून ठेवलंय, दूध तापवून ठेवलंय, खालच्या कडीला तेल घाला, असं तिने सगळं सांगितलं. रुखरुखे वहीचं नवं पान आखत होते. ते बरं म्हणाले. साडेनऊच्या बसने ती गेली.

अकरा वाजता चुटपुट लागली. रुखरुख्यांना आश्चर्य वाटलं, एवढ्या लवकर कधी लागत नसे. बाराला रुखरुख. एक वाजता ते जेवायला बसले आणि दोन घासांत उठले. वहीत त्यांनी लिहिलं, ‘अन्न गोड लागलं नाही’. तीस वर्षांत दुसऱ्यांदा. पण हे प्रकरण तिथे थांबेना. तीन वाजता ते खिडकीत उभे होते, साडेतीनला दारात. चार वाजता त्यांनी जे लिहिलं त्याला वहीत पायरीच नव्हती. ‘स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पंप तिथे कधीच नव्हता. तरी.’ पाचला पुन्हा तेच. सहा वाजता शिंप्याने पंप आणून दिला, तो टेबलावर ठेवला, आणि हुरहूर काही कमी होईना. दुसऱ्या कुणाला तिथे शंका आली असती. रुखरुख्यांना वाटलं, बाप रे, समोर असूनही ही अवस्था, मग हा विकला गेल्यावर काय होईल?

चिठ्ठीवर त्यांनी जी किंमत लिहिली त्यात दोन खोल्यांचं घर आलं असतं, वर अंगण. दलालाने ती वाचली तेव्हा त्याच्या अर्ध्या मिशा हसत होत्या आणि अर्ध्या घाबरल्या होत्या. मंडळाचे एक सभासद होते, दातांचे डॉक्टर. त्यांनी पंपाकडे पाहिलं नाही, चिठ्ठीकडे पाहिलं आणि पैसे कपाटात ठेवले.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पंप गाडीत बसवून इंजिन सुरू केलं. पंप हवा आत कोंबण्याऐवजी बाहेर फेकायला लागला. डॉक्टरांची टोपी उडून शेजाऱ्याच्या गच्चीवर गेली आणि पंपाचं झाकण सुटून त्याचे दोन तुकडे झाले. झाकणाच्या आतल्या बाजूला एक छाप निघाला. तो होता उभ्या पंख्यांचे बिडाचे पाय ओतणाऱ्या एका भट्टीचा. पंप गेल्याच वर्षी जन्माला आला होता.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. झाकणाचे तुकडे रुमालात बांधून ते रुखरुख्यांकडे आले, हिरव्या कापडावर ठेवले आणि म्हणाले, पंख्याच्या पायाला इतकी किंमत लावण्याआधी निदान तो फिरतो का ते तरी बघायचं. पैसे कपाटातच होते म्हणून बुडाले नाहीत. दलालाचा फोन तर तेव्हापासून नुसता वाजतच राहिला. पण मंडळात कुजबुज सुरू झाली. तीस वर्षांत न चुकणारा माणूस एकदाच चुकतो, आणि तोही घराएवढ्या किमतीने? दलालाने पैसे मिळाल्यावर वाटा द्यायचं कबूल केलं असेल. मंडळाची नोटीस आली की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी समितीपुढे येऊन खुलासा करावा, न पटल्यास चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार काढून घेण्यात येईल.

रुखरुख्यांनी नोटीस दोनदा वाचली. चिठ्ठी गेली तर मागे राहणार काय, तर एक टेबल आणि चार खिळे. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण वाटा घेतलेला नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण मग चुकलो कसे हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी डॉक्टरांकडून पंप आणून आठवडाभर टेबलावर ठेवला आणि पुन्हा शिंप्याकडे पाठवला. तो दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी शिंपीच लंगडत आला आणि म्हणाला, “तुमचं ते धूड घेऊन जा बाबा. तुम्ही विसरलात, माझा अंगठा विसरत नाही.” रुखरुखे खरंच विसरले होते. चुटपुटसुद्धा लागली नव्हती.

मग त्या दिवशी असं वेगळं काय होतं? त्यांनी यादी केली. दाढ दुखत होती. नवे बूट होते. खिडकीची काच पुसलेली होती. बायको टेबलावरचा पेला उचलायला आली होती, तिने यादी वाचली. ती म्हणाली की काच पुसलेली नव्हती, पुसणार कोण, मी त्या दिवशी बहिणीकडे गेले होते. आणि पेला घेऊन आत गेली.

रुखरुखे ती गेली त्या दाराकडे बराच वेळ बघत राहिले. भिंग घेऊन आकडा वाचताना बघायचे तसे.

पण पारखी माणूस नुसत्या शंकेवर बसत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं, “बहिणीकडे जाऊन ये. सकाळी जा, संध्याकाळी ये.”

“आता कशाला?”

“गुडघा बघून ये.”

“गुडघा बरा झालाय तिचा. परवा जिने चढली ती.”

“मग बरा झालेला बघून ये.”

घरात पुन्हा आठ सिलिंडरचं काहीतरी यायचंय अशी बायकोची खात्रीच झाली. जाताना तिने न्हाणीघराला कुलूप लावलं आणि किल्ली पिशवीत टाकली. साडेनऊची बस गेली. टेबलावर त्या दिवशी काहीही नव्हतं, घराबाहेरही काही पाठवलेलं नव्हतं. रुखरुखे वही उघडून, घड्याळ समोर ठेवून बसले.

अकराला चुटपुट. बाराला रुखरुख. एकला ताट बाजूला. तीनला खिडकी, साडेतीनला दार, चारला स्वयंपाकघर. पाचला पुन्हा स्वयंपाकघर.

रुखरुख्यांनी कपाळाला हात लावला. तीस वर्षं त्यांनी शेकडो भाग याच घरातून बाहेर पाठवले होते, आणि त्या सगळ्या दिवशी बायको घरी होती. कधी भांडी वाजवत, कधी रेडिओशी भांडत, पण होती. इतकी वर्षं तराजू नीट चालला तो ज्या फळीवर ठेवला होता त्या फळीमुळे, आणि फळीकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. नेमकी त्या दिवशी फळीच साडेनऊच्या बसने गेली होती. बायकोची हुरहूर पंपाच्या नावावर लिहिली गेली होती.

संध्याकाळी बायको आली, सगळ्या खोल्या पाहिल्या, न्हाणीघराचं कुलूप काढून आत पाहिलं. कुठेच काही नाही. त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला. चौतीस वर्षांच्या संसारात रुखरुख्यांनी बायकोला काळजातलं असं जे सांगितलं होतं ते ‘आज मीठ बरोबर आहे’ इथपर्यंतच गेलं होतं. त्या रात्री जेवताना तेही त्यांनी दोनदा सांगितलं, आणि बायको म्हणाली, नक्की काय फोडलंत?

शिंप्याला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. शिंप्याने सुई तोंडात धरून ऐकलं, सुई काढली आणि सरळ उपाय सांगितला. त्या दिवशी ताप होता म्हणून सांगायचं. तापात माणसाला काहीही वाटतं. अंगात एकशेतीन होता, म्हणून पंपाची किंमत चढली. लोकांना पटतं, चिठ्ठी राहते, लाज राहते. दातांचे डॉक्टर तर काय, मागितलं तर तापाचा दाखलाही लिहून देतील. साठीच्या माणसाने पाच जणांसमोर उभं राहून बायकोची आठवण आली म्हणून सांगणं हे काही बरं दिसत नाही.

रुखरुखे दोन दिवस तापाचा विचार करत होते. ताप फार सोयीचा होता. फक्त तो खोटा होता. सतरा नकली भाग पकडलेला माणूस अठरावा स्वतः ओतायला निघालाय, असं त्यांना सारखं वाटत राहिलं.

रविवारी निघताना बायको चपला घालून तयार. वाट्याची कुजबुज तिच्याही कानावर आली होती. ती म्हणाली, कोण तसं म्हणतं त्याचं तोंड मला बघायचंय. रुखरुख्यांनी तिला तीन कारणं सांगितली, जिना उंच आहे, खुर्च्या कमी आहेत, कंटाळा येईल. ती त्यांच्या आधी जिना चढली.

मंडळाची खोली टायरच्या दुकानावर होती. वर्षानुवर्षांचा रबराचा वास तिथल्या पडद्यांत मुरलेला. खुर्च्यांऐवजी मोडक्या गाड्यांच्या सीटा मांडलेल्या, इतक्या बसक्या की समितीचे पाचही जण गुडघे हनुवटीपाशी घेऊन गंभीर चेहऱ्याने बसले होते. मधोमध अध्यक्षबाई. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या, आणि चौदा वर्षं जागची न हललेल्या एका गाडीच्या मालकीण. डॉक्टर कडेला. बायको मागच्या भिंतीशी पिशवी मांडीवर घेऊन बसली.

अध्यक्षबाईंनी वही मागून घेतली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. अकरा, चुटपुट. बारा, रुखरुख. चारच्या नोंदीवर त्या थांबल्या. पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं की पंप आधी पुढच्या खोलीत होता, त्या दिवशी रस्त्यापलीकडे शिंप्याकडे होता, मग तुम्ही स्वयंपाकघरात कशाला गेलात.

ताप जिभेवर आला होता. रुखरुख्यांनी तो गिळला.

“त्या दिवशी ही घरी नव्हती,” ते म्हणाले. त्यांनी मागे बघितलं नाही. “मला वाटलं पंपाची आठवण येतेय. पंपाची नव्हती. हिची होती. माझ्या ते लक्षात आलं नाही, आणि मी ती पंपाच्या किमतीत धरली.”

खोलीत कुणी हललं नाही. बसक्या सीटवर हलणंही सोपं नसतं म्हणा. मग समितीतला एक जण हसायला लागला, ते हसू दाबताना त्याच्या सीटची स्प्रिंग वाजली. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पुरावा काय. हे तर कुणीही म्हणेल. रुखरुख्यांनी पुढचं पान उघडून दिलं, बिनपंपाच्या दिवसाचं. बाईंनी दोन्ही पानं शेजारीशेजारी धरली आणि लाल पेन्सिलीने तास जुळवायला सुरुवात केली. अकराला अकरा, बाराला बारा. साडेतीनच्या दारापुढे त्यांनी बरोबरची खूण केली. शेवटी म्हणाल्या की एका बाजूला पंप आणि पत्नी, दुसऱ्या बाजूला नुसती पत्नी, आणि दोन्हीकडचं उत्तर सारखंच येतंय, म्हणजे पंप शून्य. गणित बरोबर आहे.

डॉक्टर चष्मा पुसत होते. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत त्यांनी सात गाड्या घेतल्या होत्या. माझी काही तक्रार नाही, एवढंच ते म्हणाले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पण नियम तो नियम. बसल्या जागी समितीने ठराव केला. चिठ्ठीचा अधिकार राहील, मात्र यापुढे प्रत्येक चिठ्ठीवर एक ओळ जास्त असेल, ‘पारखीच्या दिवशी पत्नी नऊ ते सहा घरी होती’, आणि त्याखाली पत्नीची सही लागेल. सही नसेल तर चिठ्ठी रद्द. एका सभासदाने शंका काढली, पत्नी घरी आहे पण रुसून बसली आहे, तर ती घरी धरायची का? त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली आणि रुसवा घरातच धरावा असं ठरलं.

मग अध्यक्षबाईंनी मागे बघून विचारलं, तुम्हाला हे मान्य आहे का, सही कराल ना? सगळे वळले. रुखरुखेही पहिल्यांदाच वळले. तीस वर्षांचा धंदा आता त्या पिशवीवर ठेवलेल्या दोन हातांत होता.

बायको उठली. सगळं ऐकताना ती एकदाही काही बोलली नव्हती, आणि हे तिच्या बाबतीत फार होतं. वाट्याची कुजबुज करणाऱ्याचं तोंड बघायला आली होती, ते ती विसरूनच गेली होती. ती म्हणाली, “सहीचं काय, करीन की. पण आधी मला एक सांगा. ती घराएवढी किंमत पंपाची नव्हती म्हणता. मग ती माझी समजायची का?”

समितीतली पाचही माणसं गुडघ्यांवरून रुखरुख्यांकडे बघत होती. अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. रुखरुख्यांनी खिशातला कॅलिपर काढला, तो उगाच उघडला, मिटला, पुन्हा खिशात ठेवला. आणि बायकोकडे बघून म्हणाले,

“नाही. चिठ्ठी विकायच्या वस्तूची लिहितात. आणि पुन्हा बहिणीकडे जायचं असेल तेव्हा मला आठ दिवस आधी सांगत जा, त्या दिवसांत मी कुणाचं काम घेणार नाही.”